चॅटबॉट आणि कर्करोगाचे रुग्णशिक्षण : बैहर परिसराच्या संदर्भात

कर्करोगाचे निदान सांगितले जाते तेव्हा रुग्ण आणि त्याचे आप्त बहुधा गप्प बसतात. प्रश्न पडतात ते घरी पोहोचल्यावर, रात्री. हा रोग मुलाबाळांना लागेल का? तुकडा काढल्याने तो पसरला तर? जमीन विकावी लागेल का? माणूस किती दिवसांचा सोबती आहे? पूर्वी हे प्रश्न शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, गुनियाकडे अथवा शहरात शिकलेल्या पुतण्याकडे जात. आता ते मोबाईलकडे जातात, आणि मोबाईलमधील चॅटबॉट मराठीत अथवा हिंदीत क्षणार्धात उत्तर देतो.

या नव्या साधनाविषयी आपल्या व्यवसायात दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींना ते तज्ज्ञांच्या अभावावरचे उत्तर वाटते, तर काहींना केवळ उपद्रव. बैहरसारख्या ठिकाणी या प्रश्नाचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो. कर्करोगतज्ज्ञ येथून दूर आहेत आणि चुकीच्या माहितीची किंमत येथे उशिराच्या रूपाने मोजावी लागते. म्हणून हे यंत्र काय करू शकते, काय करू शकत नाही, आणि ते कोणाच्या हाती असावे, याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

यंत्राची ओळख

संवाद करणारा संगणक ही कल्पना नवी नाही. इ. स. १९६६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका घेऊन तो समोरच्याचेच वाक्य प्रश्नाच्या रूपाने परत करीत असे. त्याला अर्थ असा काहीच कळत नव्हता. तरीही माणसे त्याच्याजवळ मन मोकळे करू लागली. हे पाहून स्वतः वायझेनबाउम अस्वस्थ झाले. जो आपले ऐकून घेतो त्याच्यावर माणूस विश्वास ठेवतो, हे सत्य तेव्हाच उघड झाले होते.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुला केला. त्यानंतर अशी अनेक यंत्रे आली आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्येही चॅटबॉट उपलब्ध झाला. त्यांच्या कार्यपद्धतीचे मर्म थोडक्यात असे : अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दांमागे कोणते शब्द येण्याची शक्यता अधिक, हे यंत्र शिकलेले असते आणि त्या अंदाजावर ते वाक्ये रचते. काही यंत्रे आता इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देतात, तरी वाक्ये रचण्याची रीत तीच राहते. यामुळे भाषा ओघवती होते; परंतु जेथे माहिती अपुरी असते तेथेही ओघ खंडित होत नाही. चुकीच्या उत्तराचा स्वर अचूक उत्तराइतकाच ठाम असतो. आपल्यातील अननुभवी डॉक्टर अडखळतो आणि त्यावरून रुग्णाला त्याची अनिश्चितता कळते. यंत्र अडखळत नाही.

शिवाय इंग्रजीच्या तुलनेत मराठीत लिहिलेला वैद्यकीय मजकूर फारच थोडा आहे. गोंडीत किंवा बैगा समाजाच्या बोलीत तो जवळजवळ नाहीच. ज्या भाषेत शिकण्यास मजकूर कमी, त्या भाषेतील उत्तराची तपासणी अधिक कसोशीने करणे ओघानेच आले.

अभ्यासांचे निष्कर्ष

सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले तीन अभ्यास या संदर्भात एकत्र वाचण्याजोगे आहेत.

पहिल्या अभ्यासात कर्करोगाविषयीचे गैरसमज विचारात घेतले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिलेली उत्तरे आणि चॅटजीपीटीची उत्तरे तज्ज्ञांनी पडताळून पाहिली. संस्थेची उत्तरे शंभर टक्के, तर यंत्राची ९६.९ टक्के अचूक ठरली. साखर खाल्ल्याने कर्करोग वाढतो का, तो संसर्गजन्य आहे का, अशा सर्वसाधारण प्रश्नांना यंत्र समाधानकारक उत्तरे देते, एवढे यावरून म्हणता येते.

दुसरा अभ्यास उपचारांविषयीचा होता. बोस्टन येथील संशोधकांनी स्तन, प्रोस्टेट व फुप्फुस यांच्या कर्करोगाच्या उपचारांबाबत १०४ प्रश्न विचारले आणि उत्तरे मान्य मार्गदर्शक तत्त्वांशी ताडून पाहिली. ज्या १०२ उत्तरांत उपचार सुचविले होते, त्या प्रत्येकात निदान एक तरी योग्य उपचार होता. परंतु सुमारे एकतृतीयांश उत्तरांत त्याच्या जोडीला तत्त्वांशी न जुळणारा उपचारही सांगितला होता. १०४ पैकी १३ उत्तरांत तर शिफारस केलेल्या उपचारांत कोठेच न बसणाऱ्या गोष्टी होत्या. येथे धोका मिश्रणाचा आहे. सर्वस्वी चुकीचे उत्तर ओळखता येते. बरोबर उत्तरात मिसळलेली चूक तज्ज्ञालाही चटकन दिसत नाही, मग रुग्णाला कशी दिसावी?

तिसऱ्या अभ्यासात चार चॅटबॉटना पाच प्रकारच्या कर्करोगांविषयी सर्वाधिक शोधले जाणारे प्रश्न विचारण्यात आले. माहितीचा दर्जा चांगला आढळला. मात्र भाषा महाविद्यालयीन पातळीची होती, आणि ‘हे वाचून रुग्णाने नेमके काय करावे’ या कसोटीवर मध्यमान केवळ २० टक्के आले.

हे तिन्ही अभ्यास इंग्रजी भाषेतील आहेत आणि यंत्रे त्यानंतर बरीच सुधारली आहेत, ही मर्यादा ध्यानात घेऊनही तिसऱ्या अभ्यासातील २० टक्क्यांचा आकडा आपल्यासाठी महत्त्वाचा ठरतो. माहिती मिळाली, पण पाऊल कोठे टाकायचे ते कळले नाही, तर शिक्षण अपुरेच राहते. याचा पुरावा आपल्याच भाषेच्या प्रदेशात आहे.

बार्शीचा धडा

सन १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील परांडा व भूम या तालुक्यांसाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागासाठीची ही देशातील पहिली नोंदणी होय. शहरातील नोंदणी-कर्मचारी रुग्णालयांची दप्तरे पाहून काम करतात. खेड्यातील रुग्ण अनेकदा रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसल्याने बार्शीच्या कार्यकर्त्यांना गावोगाव फिरावे लागले. लोकांना भेटून ते कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशय वाटणाऱ्या व्यक्तीस तपासणीसाठी बार्शीच्या रुग्णालयात येण्यास प्रवृत्त करीत.

याचा परिणाम डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांत सुरुवातीच्या टप्प्यावर येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले होते. त्यावेळी तेथे सामूहिक चाचणीची मोहीम नव्हती, महागडे यंत्र नव्हते. होते ते लोकांच्या भाषेत बोलणारे, पुन्हा त्याच गावात येणारे आणि रुग्णालयाचा रस्ता दाखविणारे कार्यकर्ते.

या पायावर पुढे मोठे काम उभे राहिले. उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची एकदाच चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे त्यात दिसले. या निष्कर्षाची दखल जगाने घेतली. परंतु खेड्यातील इतक्या स्त्रिया चाचणीस तयार झाल्या, यामागे कोणीतरी उंबरठ्यावर बसून केलेला संवाद होता, हे विसरता कामा नये.

बार्शीचा धडा एका वाक्यात सांगायचा तर : सांगणारा आणि पुढच्या दारापर्यंत पोहोचविणारा यांची साखळी जुळली, तरच माहितीचे रूपांतर वेळेवर झालेल्या निदानात होते. चॅटबॉट या साखळीतील पहिली कडी काहीशी बळकट करू शकतो. दुसरी कडी तो होऊ शकत नाही.

बैहरची विशेष परिस्थिती

बैहर तालुका बालाघाट जिल्ह्याच्या पूर्वेकडील वनप्रदेशात वसलेला आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार याच भागात आहे. गोंड व बैगा समाजाची वस्ती येथे मोठी आहे. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी पोवारी, जंगलपट्टीत गोंडी अशी आपल्या कानांची रोजची सवय आहे. बैहरला रेल्वे नाही. कर्करोगाच्या उपचारासाठी येथील रुग्ण घाट उतरून बालाघाट, तेथून गोंदिया आणि पुढे नागपूर, अथवा दुसऱ्या दिशेने जबलपूर गाठतो. एका फेरीत मजुरी बुडते, सोबत्याची मजुरी बुडते, आणि घरी गुरे व लेकरे दुसऱ्याच्या भरवशावर राहतात. म्हणून ‘जवळच्या कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या’ हे यंत्राचे ठरावीक वाक्य येथे फारसे उपयोगी नाही.

यंत्राच्या उत्तरांत येथे ज्या अडचणी संभवतात, त्यांपैकी चार विशेष लक्षात घ्याव्यात.

१) राज्याचा घोळ : मराठीत प्रश्न विचारला की विचारणारा महाराष्ट्रातील आहे, असे यंत्र सहज गृहीत धरू शकते आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे सांगू लागते. आपल्या रुग्णाचा निवास मध्यप्रदेशातील. त्याच्यासाठी आयुष्मान भारत योजनेचे कार्ड महत्त्वाचे. पात्र कुटुंबाला या योजनेत वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते आणि संलग्न रुग्णालय परराज्यातील असले तरी ते लागू पडते. नागपूरला निघण्यापूर्वी १४५५५ या क्रमांकावर रुग्णालयाची संलग्नता विचारून घेतल्यास एक व्यर्थ फेरी वाचते.

२) शब्दांचा घोळ : ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ याचा अर्थ ‘चांगला आला’ असा लावणारे रुग्ण आपण पाहतो. ‘सौम्य गाठ’ म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ, हे न कळता ‘थोडासा कॅन्सर’ असा समज होतो. ‘पाच वर्षे जगण्याचे प्रमाण साठ टक्के’ हे वाक्य वाचून ‘पाचच वर्षे उरली’ असे मानणारे कुटुंब पुढच्या उपचाराची आशाच सोडू शकते.

३) नात्यांवरचा आघात : गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू लैंगिक संबंधातून येतो, हे विधान शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. परंतु पडद्यावर तेवढेच वाचणाऱ्या घरात पत्नीच्या अथवा पतीच्या चारित्र्यावर संशय घेतला जाऊ शकतो. हा विषाणू अत्यंत सामान्य आहे, तो अनेक वर्षे शरीरात सुप्त राहू शकतो, आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो, हे त्याच श्वासात सांगावे लागते. तेही समोर बसून, चेहऱ्याकडे पाहत.

४) सवयींचे अज्ञान : ‘तंबाखू टाळा’ असा उपदेश यंत्र करते. आपल्या भागातील खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना यांचे मिश्रण. त्यातील सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मध्यप्रदेशात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तथापि घोटून दिलेल्या खर्र्याला कोणी गुटखा म्हणत नाही. तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट झोंबते, ही लक्षणे खर्र्याच्या संदर्भातच विचारावी लागतात.

डॉक्टरांनी उपयोग कसा करावा

हे साधन रुग्णाच्या हाती उत्तरदाता म्हणून सोपविण्याऐवजी डॉक्टरांच्या टेबलावर लेखनिक म्हणून ठेवावे, हे अधिक श्रेयस्कर. भारत सरकारच्या २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांचाही हाच आशय आहे : कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने रुग्णास परस्पर समुपदेशन करू नये वा औषध लिहून देऊ नये; ती नोंदणीकृत डॉक्टरांना साहाय्य करू शकते, अंतिम सल्ला मात्र डॉक्टरांनीच द्यावा. पुढील क्रम उपयुक्त ठरावा.

पहिली पायरी : मूळ मजकूर आपण द्यावा. ‘कर्करोगावर माहितीपत्रक लिही’ असे मोघम सांगू नये. विश्वसनीय पुस्तकातील अथवा शासकीय पुस्तिकेतील उतारा देऊन ‘एवढ्याच मजकुराच्या आधारे, पाचवी शिकलेल्या स्त्रीला समजेल अशा मराठीत दहा वाक्ये लिही, नवीन माहिती घालू नकोस’ असे सांगावे. यंत्राच्या कल्पनेला जेवढी मोकळीक कमी, तेवढी चूक कमी.

दुसरी पायरी : मजकूर मोठ्याने वाचावा. समजा, यंत्राने लिहिले : “बायोप्सी ही एक निदानात्मक प्रक्रिया असून तीद्वारे ऊतींचा नमुना प्राप्त करून त्याचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षण केले जाते.” यात चूक काही नाही, पण ऐकणाऱ्याच्या पदरातही काही पडत नाही. ते असे करावे : “गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. गाठ साधी आहे की कॅन्सरची, ते त्यावरून कळते. तुकडा काढल्याने कॅन्सर वाढेल ही भीती मनात ठेवू नका. न तपासता घरी बसण्यात खरा धोका आहे. रिपोर्ट घ्यायला याल तेव्हा घरातले एक माणूस सोबत आणा.”

तिसरी पायरी : प्रत्येक पत्रकाच्या अखेरीस एक कृती लिहावी. कोठे जायचे, कोणत्या वारी, कोणते कागद घेऊन, कोणाला भेटायचे, ही माहिती यंत्राजवळ नसते. ती आपल्याजवळ असते, आणि तिच्याविना पत्रक पूर्ण होत नाही.

चौथी पायरी : आशा कार्यकर्तीला वाचून दाखवावे. ज्या शब्दावर ती थबकेल तो शब्द बदलावा. गोंडी वा बैगा वस्तीसाठी यंत्राच्या भाषांतरावर विसंबू नये. त्या समाजातील व्यक्तीच्या आवाजात दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून ते मोबाईलवर ऐकवावे. गावातील गुनियालाही या कामात सहभागी करून घ्यावे. लोक प्रथम त्याच्याकडे जातात. न भरणारी जखम ओळखून त्याने रुग्णाला दवाखान्याकडे पाठविले, तर कित्येक आठवडे वाचतील.

पाचवी पायरी : समजले की नाही ते विचारावे. ‘कळले ना?’ या प्रश्नाला रुग्ण नेहमी होकार देतो. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?’ असे विचारले, की खरे आकलन कळते.

याशिवाय गोपनीयतेचे पथ्य कटाक्षाने पाळावे. रुग्णाचे नाव, गाव, छायाचित्र अथवा रिपोर्टची प्रत चॅटबॉटमध्ये टाकू नये. लहान गावात ‘अमुक पाड्यातील पंचेचाळीस वर्षांची स्त्री’ एवढ्यावरूनही ओळख पटते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली आला. परंतु रुग्णाचे गुपित राखण्याचा आपला धर्म त्याहून कितीतरी जुना आहे.

समाजबांधवांसाठी

घरातील तरुण मुले मोबाईलवर प्रश्न विचारणारच. त्यांना मनाई करण्यापेक्षा मर्यादा सांगावी. शब्दाचा अर्थ, तपासणीची पद्धत, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी, केमोथेरपीच्या काळात आहार व स्वच्छता यांविषयीची सर्वसाधारण माहिती, इतके विचारण्यास हरकत नाही. मात्र ही गाठ कर्करोगाची आहे का, कोणते औषध किती घ्यावे, सुरू असलेला उपचार थांबवावा का, आणि माणूस किती जगेल, या चार प्रश्नांची उत्तरे यंत्राकडून घेऊ नयेत. मिळालेले उत्तर कागदावर लिहून डॉक्टरांकडे आणावे. डॉक्टरांनीही ते पाहून कपाळाला आठी घालू नये. त्या कागदातून रुग्णाच्या मनातील भीती आपल्याला कळते.

खालील लक्षणांसाठी मात्र कोणत्याही यंत्राला विचारण्यात वेळ घालवू नये. तोंडातील दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा; तोंड कमी उघडणे; स्तनातील गाठ; पाळी गेल्यानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर होणारा रक्तस्राव; गिळताना अडथळा; दीर्घकाळ बसलेला आवाज; अकारण घटणारे वजन. यांपैकी काहीही आढळल्यास थेट जवळच्या शासकीय रुग्णालयात अथवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी शासकीय कार्यक्रमात समाविष्ट आहे. लक्षण नसतानाही तिचा लाभ घ्यावा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

समारोप

गोळाबेरीज अशी, की हे यंत्र न थकता, न चिडता, एकच गोष्ट दहा वेळा समजावून सांगते. ओपीडीच्या गर्दीत आपल्याला ते जमत नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे लागेल. तो गुण घ्यावा. परंतु रिपोर्ट हातात घेऊन घाट उतरणाऱ्या माणसासोबत बसमध्ये बसणे, नागपूरच्या रुग्णालयातील खिडकीपर्यंत त्याला नेणे, आणि दुसऱ्या केमोला तो आला नाही तर त्याच्या घरी निरोप धाडणे, हे माणसांचेच काम आहे.

आपल्या संघटनेच्या सभासदांनी ठरविले, तर बैहर परिसरासाठी मुखाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग या तीन विषयांवर तपासून घेतलेली तीन पत्रके आणि गोंडीतील तीन ध्वनिमुद्रणे तयार करणे अवघड नाही. लेखनाचे निम्मे कष्ट यंत्र वाचवील. त्या वाचलेल्या वेळात प्रत्येकाने महिन्यातून एक दुपार एका गावासाठी द्यावी. बार्शीत जे घडले ते अशा पायपिटीतूनच घडले. बैहरच्या जंगलपट्टीतही ते घडू शकेल, असा विश्वास व्यक्त करून हे विवेचन पुरे करतो.